घुबडाचं गाव

कृष्णनाथाला सांगायचं की नाही, एवढंच ठरायचं उरलं होतं. बाकीचं देवाने कुणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं. प्रज्योत गेला होता. जर्मनीच्या उत्तरेकडच्या पाइने नावाच्या गावात, भाड्याच्या खोलीत, झोपेत. रात्री जेवून निजला तो उठलाच नाही. शेजारच्या खोलीतल्या अमोलने दार ठोठावलं, मग मालकाला बोलावून उघडलं, डॉक्टर आला आणि हृदय बंद पडलं एवढं सांगून गेला. काल दुपारी अमोलचा फोन आला तेव्हा सुमंगला अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. ती सोलं रात्रभर तशीच अंगणात राहिली.

आणि प्रज्योतचा बाप कृष्णनाथ शिरगावात होता. लइराई देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरलेला भक्त, म्हणून त्याने यंदाही वेताची काठी, बेत, उचलली होती. घर सोडून देवळाच्या आवारात मांडव घालून राहायचं, तळीवर आंघोळ करायची, हाताने शिजवून खायचं, कुणाचा विटाळ होऊ द्यायचा नाही, आणि जत्रेच्या पहाटे होमखणाच्या पेटत्या निखाऱ्यांवरून पार व्हायचं. घराण्यात व्रताचा हा बेत पणजोबापासून चालत आलेला. व्रतात फोन नको म्हणून कृष्णनाथ आपला मोबाइल घरीच कपाटात ठेवून गेला होता. जत्रा परवावर आली होती.

"ऐकल्याशिवाय सुतक नाय," रघुनाथ म्हणाला. कृष्णनाथाचा हा धाकटा भाऊ काल रात्रीपर्यंत 'दादाक सांगूक होया' म्हणत होता. सकाळी उठून भटजींकडे गेला आणि दुसराच माणूस होऊन परत आला. "लांब परदेशात मरण झाला, तर खबर ज्या दिसा कानार पडता त्या दिसापासून सुतक. दादान ऐकूकच नाय. मगे तेका खयचा सुतक?"

"म्हणजे आमी तिघां सुतकात आणि बाबा सोवळ्यात?" सिद्धीने विचारलं. ती कालच मांद्र्याहून, सासरहून, अंगावरच्या कपड्यानिशी आली होती. रडून रडून तिचा आवाज पार बसला होता, पण वाद घालण्यापुरता उरला होता.

"शास्त्र तसाच आसा."

"शास्त्र नाय काका. पळवाट ती."

रघुनाथ हा घरातला वकील, कोर्टाची पायरी कधी न चढलेला. पण आज तो पळवाट शोधत नव्हता, तो घाबरला होता. ज्या वर्षी या भावांचे वडील, अण्णा, गेले त्या वर्षी सुतकामुळे या घरातून बेत गेला नव्हता, आणि त्याच वर्षी खाणी बंद झाल्या. खाणीचा माल वाहणारे घरचे दोन्ही ट्रक परसात उभे राहिले ते आजतागायत, त्यांच्या टपावर आता भोपळ्याचे वेल चढले होते. सगळ्या गोव्यातल्या खाणी आपल्या एका घरातल्या सुतकाने बंद पडल्या असं रघुनाथ मनापासून मानायचा. त्याला कुणी हसलं तर तो हसणाऱ्याच्या घरचं काय काय बुडालं ते काढून दाखवायचा.

"वैनी, तुमी सांगा," तो म्हणाला. "परत एकदा बेत चुकवूचो? आता घरात रवला काय म्हणान?"

सुमंगला भिंतीला टेकून बसली होती. देवासमोर दिवा नव्हता. सुतकात लावायचा नाही म्हणून तिने लावला नव्हता, आणि तो काळोखा कोनाडा तिला बघवत नव्हता.

"आणि इंगळ्यांनी तेंचे पाय भाजले तर?" तिने विचारलं. "देवीक फसवता म्हणान?"

"देवीक फसवूक येता? ती बरोबर वळखता. दोष आसलो तरच भाजता. दादाच्या मनात दोष नाय, कानात खबर नाय. तो पार होतलो. मगे घराक इलो की मी स्वता सांगतंय. माझी जबाबदारी."

"बाबांक तेचा तोंड बघूक गावाक होया," सिद्धी म्हणाली. "निदान फोनार. तुमी परवापर्यंत थांबशात, थय ते थांबतत?"

नेमका तेव्हाच अमोलचा फोन आला. सिद्धीने मोबाइल मेजावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. अमोल दोडामार्गकडचा. प्रज्योत आणि तो पाइनेतल्या कालव्याकाठच्या एका गोदामात कामाला होते. त्याच्या मागे रस्ता दिसत होता, आणि रस्त्याकडेला घुबडाचं एक चित्र. त्या गावाची ती खूणच होती. प्रज्योतने पहिल्यांदा दाखवली तेव्हाच सुमंगलेने कानावर हात ठेवले होते. जगात एवढी गावं पडलीत आणि माझ्या पोराला घुबडाचंच मिळालं, असं ती चार दिवस बडबडत होती. कृष्णनाथ तिला खूप हसला होता.

"काकी," अमोल म्हणाला, "हयच्या माणसांनी आयज उत्तर मागितल्यानी. बॉडी भारतात धाडूची तर कागद लय. वकिलातीचा पत्र, गावातसून दाखले. दोन आठवडे तरी जातले. नायतर हयच अग्नी. उद्याचो नंबर गावता. अस्थी मगे धाडूक येतत. आमी काय ठरवलाव नाय, तर गावची कचेरीच उरकून टाकता."

"घराक हाडूया," सिद्धी म्हणाली. "आई, तेका घराक हाडूया."

"दाखल्यासाठी पंचायतीत पाय ठेवलो की अर्ध्या तासात शिरगावात खबर," रघुनाथ म्हणाला. "मगे ह्या सगळा कित्याक?"

सुमंगला फोनकडे बघत होती. "अमोल, खय ठेवलो तेका?"

"हॉस्पिटलात, काकी."

"थंडीत?"

प्रज्योतला थंडी मुळीच सोसत नसे. डिसेंबरात डिचोलीत कुणाला गोधडी लागत नाही, पण तो दोन घेऊन निजायचा. जर्मनीला जातो म्हणाला तेव्हा पहिलं हसू सगळ्यांना तेच आलं होतं. दोन आठवडे त्याला बर्फात ठेवायचं, मग पेटीत घालून आणायचं. सुमंगलेच्या मनात त्या वेळी ना बेत होता ना सुतक. तिला फक्त पोराला ऊब द्यायची होती.

"अग्नी दे बाबा तेका," ती म्हणाली. "थंडीत ठेवू नको."

सिद्धीने तोंडावर हात दाबला. रघुनाथने मान खाली घातली. त्याला हवं होतं ते झालं होतं, आणि ते असं झाल्याची त्याला लाज वाटत होती.

"काकी, तोंडाचो एक फोटो काढून धाडू?" अमोलने विचारलं.

"नको. मेल्याचो फोटो घरात नको. हसता तसोच रवांदे माझ्या डोळ्यांमुखार."

"आई, बाबांसाठी तरी—"

"नको म्हणून सांगलंय ना!"

सिद्धी उठली. खुंटीवरची स्कूटरची चावी घेऊन ती बाहेर पडली. रघुनाथ दारापर्यंत तिच्या मागे धावला, पण तिला अडवायला तिला शिवावं लागलं असतं, आणि रडणाऱ्या पुतणीला हात लावायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

*

शिरगावच्या वाटेवर मोगऱ्याच्या वळेसरांचे, गुंफलेल्या माळांचे, ढीग लागले होते. लइराईला मोगरा प्रिय. सिद्धी दर वर्षी बापासाठी एक वळेसर घ्यायची. आज ती फुलवालीसमोर थांबली, पैसे काढले, आणि आपण सुतकात आहोत हे आठवून तशीच पुढे गेली. फुलवाली मागून ओरडत राहिली.

काय बोलायचं ते तिने वाटेत चार वेळा म्हणून बघितलं होतं. 'बाबा, दादा गेलो. आयज अमोलाक सांगून एक दीस थांबवया. तुमी एकदा तेचा तोंड बघा, मगे तुमी म्हणशात तसा.' बेत राहिला तर राहिला. बापाला पोराच्या तोंडापेक्षा काठी मोठी नसते, अशी तिची खात्री होती.

मांडव आंब्याच्या सावलीत होता. मागे खाणीचा जुना तांबडा डोंगर. सुती लुंग्या नेसलेले आठदहा धोंड जेवून बसले होते, आणि मधोमध कृष्णनाथ. तो बोलत होता. दुरूनच तिला कळलं की तो काय बोलतोय.

"आमच्या म्हापश्यापेक्षा थोडा मोठा," कृष्णनाथ सांगत होता. "पन्नासेक हजार वस्ती. हय हॅनोवर, थय ब्राउनश्वाइग, दोन मोठी शहरां, आणि मधी ह्या पाइने. मधसून न्हंय वाहता, फूजं नावाची. न्हंय म्हणजे काय, आमच्या डिचोलीच्या न्हंयसारकी, उडी मारलीस तर पलीकडे. पण भायल्यान कालवो आसा सदाशिवा, कालवो! माणसांनी खणलेलो. तेच्यातसून माल भरून बार्जी जातत."

"बार्जी?" सदाशिव सरसावून बसला. सदाशिव सिंधुदुर्गातून आलेला, एके काळी कृष्णनाथाचाच मिनेराचा, म्हणजे लोहखनिजाचा, ट्रक चालवायचा. "मिनेराच्यो?"

"मिनेर खयचा आता! थयचा मिनेर सरल्याक पन्नास वर्सां झाली. पयली सगळो मुलूख तेच्यारच जगायचो. आमच्यासारकोच. खाणी बंद पडल्यो, लोकांनी कपाळाक हात लावल्यानी. पण गाव मेलो नाय." कृष्णनाथाने बोट वर केलं. "लोखंडाचो कारखानो अजून चालता. भंगार हाडतत, वितळयतत, आणि एवढे एवढे खांब करतत घरांचे. आणि खाणीची माती ओतून झालेलो डोंगर होतो ना, तो तसोच ठेवल्यानी. झाडां वाढली. आयतारी लोक पोरांक घेवन वयर फिरूक वतत. आयतारी दुकानां सगळी बंद. एक पाव विकत गावाचो नाय."

"मगे पाव भाजणारो पोदेर काय करता?" कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

"निजता! तोय माणूसच." कृष्णनाथही हसला. "चौकात लाकडाच्या चौकटींची जुनी घरां, उंच टोकाची किरिस्तावांची इगर्ज. आणि गावाची खूण काय म्हायत आसा? घुबड! हसू नका. आमच्यात अशुभ, तेंच्यात शाणपणाचा. उन्हाळ्यात गावची जत्रा भरता, म्हातारे सुद्धा युनिफॉर्म घालून वाजत गाजत फिरतत. माका प्रज्योत सगळा दाखयता. आयतारी मोबाइल हातात धरून चलत जाता, मी हयसून बघतंय. डोळे बांधून सोडलास तर स्टेशनावरसून तेच्या खोलीपर्यंत जायन मी."

कृष्णनाथ कधी विमानात बसला नव्हता. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता त्याने. पण त्याच्या ट्रकांवर वेल चढल्यापासून तो माणूस त्या लांबच्या गावात राहत होता. एखादं गाव जमिनीतलं सगळं धन उपसून संपल्यावरही उभं राहू शकतं, हे त्याला पाइनेने दाखवलं होतं, आणि त्या आधारावर तो रोज सकाळी उठत होता. सिद्धीला हे ठाऊक होतं. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून तर त्याची तीच तीच वर्णनं सगळी निमूट ऐकून घेत.

"आणि ह्या ऐक," तो सदाशिवाला म्हणाला. "त्या गावाच्या कुशीक लेंगेडे म्हणून गाव. थय खाणीत पाणी घुसला. साठ वर्सां झाली असतीत. कितीतरी मेले. दोन आठवडे होत इले. खाली कोण जिवंत आसा असा कोणाकच वाटूक नाय. भोकां मारूचा सामान सुद्धा परत न्हेवक लागले, मेलेल्यांसाठी प्रार्थना ठरली. आणि कोणतरी म्हणालो, एक भोक आजून मारून बघया. मारल्यानी. आणि खालसून टक टक!" त्याने बेताच्या काठीने जमिनीवर दोनदा ठोकलं. "अकरा माणसां! जिती! वयर काढल्यानी तेंका. प्रज्योतान माका ती जागा दाखयली. माज्या अंगार काटो इलो."

सदाशिवाने नकळत हात जोडले. आणि कृष्णनाथाची नजर सिद्धीवर गेली.

"अगो बाय! कधी इलंस? थयच रव हां, लांबच." तिला हे सांगावं लागलं नाही, ती आधीच दहा पावलांवर थांबली होती. त्याला त्याचं कौतुक वाटलं. "बघ सदाशिवा, सासरी गेली तरी चेडवाक नेम बरोबर म्हायत. आवस खय गो? एकदापण येवक नाय ह्या खेपेक."

"तिका बरा नाय," सिद्धी म्हणाली.

"वातच तो. आणि प्रज्योताचो फोन इल्लो?"

आता. आता सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं. कृष्णनाथ हसऱ्या डोळ्यांनी बघत होता, उपासाने गाल आत गेलेले, अंगावर नुकत्याच केलेल्या आंघोळीचं पाणी. हातातल्या बेताचे रंगीत गोंडे वाऱ्यावर हलत होते. असा आनंदी बाप तिने खाणी बंद पडल्यापासून पाहिला नव्हता. त्या आनंदाचा गळा आपल्या हाताने दाबायचा होता, आणि तिचे हात उठेनात.

"इल्लो," ती म्हणाली.

"काय म्हणालो?"

"थंडी कमी झाली म्हणालो."

"मी तेका सांगलंच होतंय, मे महिन्यात बरा होता थय." कृष्णनाथ मांडवाकडे वळला. "थय आता झाडांक नवी पानां येतत."

सिद्धी परत निघाली. स्कूटरला किल्ली लावताना तिला कळलं की तिने नुसतं लपवलं नव्हतं, मेलेल्या भावाच्या तोंडी शब्दही घातले होते. काका निदान शास्त्र विचारून आला होता. तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

*

जत्रेच्या सकाळी कृष्णनाथ शिरगावहून चालतच घरी निघाला. सदाशिव मोटरसायकल आणतो म्हणाला, पण त्याला चालायचं होतं. पायांना मातीचा गारवा लागत होता. पहाटे निखाऱ्यांवर उतरताना दर वर्षी त्याची छाती धडधडायची. यंदा नाही. यंदा तो असा गेला की जणू परसातून विहिरीकडे निघालाय. त्याच्यामागच्या एका तरण्या धोंडाच्या टाचेला फोड आले, आणि त्याने काय चुकलं म्हणून देवळासमोर नाक घासलं. कृष्णनाथाच्या पायाला राख तेवढी लागली होती.

यंदाचं व्रत त्याने प्रज्योतसाठी धरलं होतं. हे त्याने सुमंगलेलाही सांगितलं नव्हतं. पोराला त्या गावाने कायमचं ठेवून घ्यावं, त्याचं लग्न व्हावं, कालव्याकाठी त्याला दोन खोल्या मिळाव्या. आणि मग एकदा, एकदाच, आपण तिथे जावं. खाणीच्या त्या हिरव्या डोंगरावर चढून खाली बघावं. देवीने त्याला अंगाला आच न लागता पार केलं, म्हणजे हे सगळं होणार, यात त्याला काही शंका उरली नव्हती. त्याला कडकडून भूक लागली होती.

*

तो अंगणात आला तेव्हा तिघंही सोप्यावर होती. सुमंगलेने पाय धुवायला पाणी पुढे केलं नाही. कळशी भरून पायरीवर ठेवली आणि ती मागे सरली. कृष्णनाथाने बेत भिंतीला टेकवला.

"काय झाला? कोणाच्या मयताक गेल्यासारकी कित्याक बसल्यात?"

रघुनाथ उठला. "दादा, आदी बस..." माझी जबाबदारी म्हणणारा माणूस खांब धरून उभा राहिला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. मग सुमंगलेनेच सांगितलं.

"आमचो प्रज्योत गेलो."

"खय गेलो?"

"निजेत गेलो. हृदय बंद पडला. काल तेका थय अग्नी दिलो."

कृष्णनाथ हळूच सोप्यावर बसला. "केन्ना गेलो?"

"तुमी शिरगावात होतास तेन्ना."

"म्हणजे मी होमखणात उतरलंय तेच्या आदी?"

"होय."

"आणि तुमका सगळ्यांक खबर होती."

"दादा, चूक माझी," रघुनाथ म्हणाला. "मारूचो तर माका मार. बेत चुकू नये म्हणान—"

कृष्णनाथाने त्याला मारलं नाही. तो रागावलाही नाही. सुमंगला पुढे होऊन त्याला सावरायच्या बेतात होती, पण त्याने उजवा पाय उचलून मांडीवर घेतला, पंच्याने तळव्यावरची राख-माती पुसली, आणि पाय तिच्याकडे केला.

"बघ."

तिला कळेना.

"बघ गो. एक फोड आसा? लाल तरी झाला?" त्याने दुसरा पाय पुसला. "माझो झील मेल्लो आसतो तर मी सुतकात. सुतकातलो माणूस त्या इंगळ्यांतसून असो येता? रघुनाथा, तू सांग."

"दादा, भटजी म्हणालो, ऐकल्याशिवाय सुतक नाय. तू ऐकूकच नाय, म्हणान—"

"खयचो भट? तेका पोरां आसत काय?" कृष्णनाथ शांतपणे म्हणाला. "पोटचो पोर गेलो तर बापाक ऐकूक लागता? रगताक कळता ता. देवीक कळता. देवीन माका पार केलो. आता देवी खोटी की तुमचो अमोल खोटो?"

सिद्धीने अमोलला फोन लावला. पडद्यावर अमोलचा चेहरा आला, दाढी वाढलेला, सुजलेला.

"काका," एवढंच तो म्हणाला.

"प्रज्योताक दी फोन."

"काका, तो नाय हो. काल मी स्वता..."

"मगे तेचा तोंड दाखय."

अमोलने सिद्धीच्या दिशेने पाहिलं. "आता खयसून दाखवू, काका? काल झाला सगळा."

"एखादो फोटो तरी काढलस आसशीत."

"काकी नको म्हणाली."

कृष्णनाथाने सुमंगलेकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने तो सोसला असता. तो दिलाशाने बघत होता, मोठ्या माणसाने काळोखाला भ्यालेल्या पोराला बघावं तसा. "बघ," तो म्हणाला, "फोटोपण नाय. तुमी कोणी बघूक नाय, मी बघूक नाय. कोणाचो तरी दुसऱ्याचो झील आसतलो, बिचारो. परक्या गावात गोंधळ होता."

"बाबा, मी तुमच्याकडे इल्लंय ना त्या दिसा, ताच सांगूक इल्लंय," सिद्धी म्हणाली. "माका बोलूक जमूक नाय. मी खोटा बोललंय. तेचो फोन येवक नव्हतो, बाबा."

"आता खोटा बोलतंस," कृष्णनाथ म्हणाला. "तेन्ना खरा बोललंस."

सिद्धी पायरीवर बसली ती उठली नाही. रघुनाथने डोळे पुसले. दादा भानावर यायला दोन दिवस लागतील, असं त्याने वैनीला खुणेने सांगितलं, आणि मग जरा मोठ्याने म्हणाला, "दहाव्याचा मी बघतंय. अस्थी येवंदेत."

"जित्या माणसाचो दहावो? ह्या घरात?" आता मात्र कृष्णनाथाचा आवाज चढला. "कोणाची काय पेटी बीटी इली तर दारातसून परत धाडूची. आणि रडाचा बंद करा. जित्याच्या नावान रडलास तर तेचा आयुष्य कमी होता. ऐकलंस गो? डोळे पूस."

सुमंगलेने डोळे पुसले. ती त्याच्या तळव्यांकडे बघत राहिली. साठी उलटलेल्या माणसाचे पाय, भेगाळलेले, पण जिथे निखारा लागायला हवा होता तिथे गुळगुळीत. ते पाय भाजले असते तर, असं तिच्या मनात आलं. आज ते पाय भाजले असते तर तिच्या पोराला बाप मिळाला असता, रडायला आणि पिंड द्यायला. तिने देवीजवळ तीन दिवस उलटंच मागितलं होतं.

"आणि दिवो कित्याक नाय लावूक?" कृष्णनाथ घराच्या आत बघत म्हणाला. "कसली ही अवकळा? चूल पेटय. उपास सुटलो माझो, भूक लागली. आणि माझो मोबाइल हाड कपाटातसून. तेका सांगूचा आसा, यंदा कसो पार झालंय ता."

मोबाइल सिद्धीने आणून दिला. तो उघडून कृष्णनाथ पोराचं नाव शोधू लागला. रिंग जात राहिली, तो कानाला लावून बसला, आणि कामावर असेल म्हणाला.

सुमंगला आत गेली. आधी तिने काडी ओढून देवासमोरची समई लावली, मग तांदूळ धुऊन टोपात घातले. बाहेर रघुनाथ आणि सिद्धी एकमेकांशी न बोलता बसली होती. डाळ शिजली, नारळ किसला, पान मांडलं. तिचा मुलगा मेला होता, आणि त्या दुपारी त्याच्या घरात वरणभात झाला, आणि त्याचा बाप तो पोटभर जेवला.